डॅनिअल बूनची गोष्ट मंडळात कशी सांगायची, तीही केसाळ टोपी न घालता

गणपतीत नाहीतर डिसेंबरच्या सुट्ट्यांत आपल्या इंदूरच्या मंडळांतून एक फर्माईश हमखास येते, की अमेरिकेवर काहीतरी सांगा ना, कारण राजेंद्र नगर घ्या की लोकमान्य नगर, दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी तिकडे आहे. मग सांगणारा उठतो, लिंकन सांगतो, वॉशिंग्टन सांगतो, आणि लोक जांभया देत प्रसादाची वाट बघतात. माझं ऐका, डॅनिअल बून घ्या. तिकडचा जुना शिकारी, स्काउट म्हणजे टेहळ्या, जंगलातून रस्ता काढून वसाहत बसवणारा माणूस. आपल्याकडे जेमतेम कोणाला माहीत, त्यामुळे "हे ऐकलंय" असं कोणी म्हणत नाही, आणि गोष्ट अशी आहे की चौथीतल्या पोरापासून रिटायर्ड बँकवाल्या काकांपर्यंत सगळे धरून राहतात. फक्त बांधणी नीट पाहिजे. चाळीस मिनिटांत कसं बसवायचं ते लिहितेय, पंचवीसच मिनिटं मिळाली तर काय गाळायचं तेही मधेमधे सांगत जाईन.

आधी एक ठरवून टाका, गोष्ट बंदूक आणि अस्वल यांच्यावर उभी करायची नाही. तसं सगळेच करतात आणि मग ती पोरांची साहसकथा होऊन बसते. बूनचं आयुष्य दोन गोष्टींभोवती फिरतं, मीठ आणि जमिनीचे कागद. मिठापायी तो पकडला गेला आणि कागदांपायी बुडाला. हे दोन धरले की बाकी सगळं आपापल्या जागी जाऊन बसतं, अगदी बंदूकसुद्धा.

सुरुवात जन्मापासून नको. १७९८ पासून करा. त्या वर्षी केंटकीत दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे तिथल्या विधिमंडळाने एका अख्ख्या काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, बूनचं नाव दिलं, आणि दुसरी म्हणजे साक्षीला आला नाही म्हणून त्याच बूनच्या नावाने अटकेचं वॉरंट निघालं. शेरीफला तो सापडलाच नाही. हे एवढं सांगून थांबा, पाणी प्या, लोकांना बघू द्या एकमेकांकडे. ज्याच्या नावाचा जिल्हा, त्याच्याच नावाचं वॉरंट, हे कसं काय? हा प्रश्न एकदा हॉलमध्ये सोडला की पुढचा अर्धा पाऊण तास तोच तुमचं काम करतो, आणि उत्तर शेवटी शेवटी द्यायचं.

मग नकाशा. प्रोजेक्टर असला तरी मी म्हणते हातानेच काढा, मोठ्या ड्रॉइंग शीटवर, स्केच पेनने, आणि त्यावर पाचच ठिकाणं ठेवा: पेन्सिल्व्हेनिया जिथे तो जन्मला, नॉर्थ कॅरोलायनातली यॅडकिन नदी जिथे मोठा झाला, कम्बरलँड गॅप ही डोंगरातली खिंड, केंटकी नदीवरचं बून्सबरो ही त्याने बसवलेली किल्लेवजा वस्ती, आणि लांब पश्चिमेला मिझुरी. वरून ओहायो नदीची एक निळी रेघ, कारण त्या रेघेच्या उत्तरेला शॉनी या तिथल्या मूळ जमातीची गावं आणि दक्षिणेला सगळ्यांचं शिकारीचं रान. नेटवरचा नकाशा लावलात तर त्यात पन्नास नावं असतात आणि लोक आपल्या पुतण्याचं गाव शोधत बसतात, तुमच्याकडे कोणी बघत नाही. आणि केंटकी म्हटल्याबरोबर पोरं चिकन चिकन ओरडणार, ओरडू द्या, एकदा हसून झालं की विषय संपतो.

तारखांचा प्रश्न येतोच. अठराव्या शतकातली अमेरिका आपल्या लोकांच्या डोक्यात कुठेच बसत नाही, म्हणून तिला आपल्या खुंटीवर टांगावी लागते. तीन खुंट्या पुरतात. १७६७ साली अहिल्याबाईंच्या हातात माळव्याचा कारभार आला, त्याच वर्षाच्या हिवाळ्यात बून पहिल्यांदा केंटकीच्या कडेला पोचला. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेत इंग्रजांशी तह केला, त्याच मार्चमध्ये बून कुऱ्हाडवाले घेऊन रस्ता पाडायला निघाला. आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला आपल्या लोकांनी इंग्रजांना नमवलं तेव्हा तिकडे बून नुकताच इंग्रजांच्या बाजूने आलेल्या वेढ्यातून सुटलेला. राजा एकच, तिसरा जॉर्ज, हे सांगितलं की आमच्याकडचे इतिहासवाले आजोबा सावरून बसतात. चौथी पाचवी खुंटी घालू नका, मग ते नुसतं सनावळ्यांचं पाठांतर होतं.

बालपण दोन मिनिटांत उरका. जन्म २ नोव्हेंबर १७३४ (तेव्हाच्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे २२ ऑक्टोबर, कोणी मोबाइलवर शोधून वेगळी तारीख दाखवली तर गडबडू नका), बाप विणकर आणि लोहार, घर क्वेकर पंथाचं, अकरा भावंडं. शाळा फारशी नाही, स्पेलिंग जन्मभर वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं आणि जंगलातल्या कॅम्पात पुस्तक घेऊन बसायचा. १७५० च्या सुमारास सगळं कुटुंब यॅडकिनकाठी आलं. १७५५ मध्ये इंग्रज जनरल ब्रॅडॉकच्या फौजेत हा गाडीवान होता, ती फौज फ्रेंच आणि इंडियन लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, पार उधळली, बून घोडा सोडवून पळाला, आणि त्याच लढाईत तरुण वॉशिंग्टनही होता. तिथेच त्याला जॉन फिंडली नावाचा फेरीवाला व्यापारी भेटला आणि त्याने केंटकीचं वेड लावलं. पुढच्या वर्षी रिबेका ब्रायनशी लग्न, दहा मुलं. बस.

आता शिकार. इथे पोरांना काहीतरी हातात द्यावं लागतं, नाहीतर ती चुळबुळ करतात. खरी बंदूक कुठून आणणार, आणि आणूही नका, मंडळाचे अध्यक्ष घाबरतील. त्यापेक्षा टेबलावर एक शेळीचं नाहीतर म्हशीचं शिंग ठेवा, ते बंदुकीची दारू ठेवायचं शिंग म्हणून दाखवता येतं, एक जाड सुती झोळी, थोडं शिसं (मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते चालतं, पण पोरांच्या हातात ते देऊ नका, शिंग द्या) आणि एक वाटी खडेमीठ. मिठाबद्दल आत्ता काहीच बोलू नका, ते नुसतं तिथे असू द्या. सांगायचं असं की हे लोक पानगळीत निघायचे ते महिनोन्महिने घरी येत नसत, हरणाची कातडी आणि हिवाळ्यात बीव्हर, पाणमांजर यांची फर गोळा करायची, घोड्यावर लादायची आणि विकायची. लांब नळीची रायफल, पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी बनवायला सुरू केलेली, गोळी लहान लागायची म्हणजे शिसं कमी लागायचं, आणि आठ आठ महिने जंगलात राहणाऱ्याला ते फार मोठं होतं. आणि हा धंदा कसा होता ते आकड्यात न सांगता एका फेरीत सांगा, १ मे १७६९ ला बून पाच साथीदार घेऊन निघाला, जूनमध्ये डोंगरावरून केंटकीचं मैदान पाहिलं, डिसेंबरमध्ये शॉनींनी पकडून सगळी कातडी काढून घेतली आणि परत येऊ नका अशी तंबी देऊन सोडलं, हा गेलाच नाही, मेहुणा जंगलात बेपत्ता झाला, भाऊ स्क्वायर सामान आणायला घरी गेला तेव्हा हा तीनेक महिने एकटा राहिला, आणि १७७१ मध्ये पुन्हा जमवलेला माल घेऊन घराकडे येताना खिंडीजवळ पुन्हा लुटला गेला. दोन वर्षं आणि हात रिकामे. आणि त्या दोन वर्षांत घर, शेत, पोरं सगळं रिबेकाने ओढलं, हे वाक्य विसरू नका, बायकांच्या रांगेतून लगेच हुंकार येतो.

शॉनींनी माल का घेतला हे मात्र न्याय करून सांगा. त्यांच्या दृष्टीने हा त्यांच्या रानात शिरलेला चोर होता, आणि १७६३ मध्ये खुद्द इंग्रज राजानेच डोंगरापलीकडे वस्ती करू नका असा जाहीरनामा काढला होता. हे सांगितलं नाही तर गोष्टीत एक गोरा हिरो आणि झाडामागून येणारे रानटी असा प्रकार होतो. आपण ज्या शहरात बसून ही गोष्ट ऐकतोय तिथेही आपले पूर्वज दक्षिणेतून येऊन राहिलेले आहेत, तेव्हा आधीचे कोण आणि नंतरचे कोण हा प्रश्न आपल्याला परका नाही, पण यावर भाषण देऊ नका, एका वाक्यात म्हणा आणि पुढे जा.

१७७३ चा प्रसंग पोरं लहान असतील तर हलक्या हाताने घ्या. बून साधारण पन्नास माणसं घेऊन केंटकीत राहायला निघाला आणि वाटेत त्याचा थोरला मुलगा जेम्स, सोळा वर्षांचा, हल्ल्यात हाल होऊन मेला. लपून राहून ते सगळं पाहणारा माणूस होता ॲडम, त्या तुकडीतला एक काळा गुलाम. हे नाव घ्या. बून्सबरोच्या गोष्टीत काळी माणसं जागोजाग आहेत आणि सांगणारे त्यांना गाळतात. १७७५ मध्ये रस्ता पाडताना २५ मार्चच्या पहाटे छावणीवर गोळीबार झाला त्यात ट्विटी नावाचा कॅप्टन आणि त्याचा गुलाम सॅम गेले. पुढे मंक एस्टिल नावाचा गुलाम होता, तो गुहेतल्या सोऱ्यापासून बंदुकीची दारू बनवायचा, म्हणजे ज्या दारूवर ही सगळी वस्ती जिवंत राहिली ती बनवणारा हा, १७८२ च्या एका लढाईनंतर त्याला मोकळं केलं. आणि बूनकडे स्वतःकडे गुलाम होते, १७८७ च्या सुमारास सात. प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारणारच, त्यापेक्षा आधी आपणच सांगितलेलं बरं.

रस्त्याचा भाग छान आहे पण पटकन. रिचर्ड हेंडरसन नावाच्या जज्जाने कंपनी काढली, मार्च १७७५ मध्ये सिकॅमोर शोल्स इथे चेरोकी या दुसऱ्या मूळ जमातीकडून साधारण दोन कोटी एकर जमीन दहा हजार पौंडांच्या मालावर "विकत" घेतली, चेरोकींतलाच ड्रॅगिंग कनू नावाचा तरुण पुढारी विरोध करत बसला, त्याचं कोणी ऐकलं नाही, आणि शॉनींना तर कोणी विचारलंच नव्हतं. बून तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन पुढे, खिंडीतून पार होत दोनेकशे मैलांची वाट, बरीचशी आधीची गव्यांची आणि इंडियन लोकांची पायवाट होती ती रुंद केलेली. याच वाटेने पुढे लोंढे आले, १७९० च्या शिरगणतीत केंटकीत ७३ हजार माणसं होती, १८०० मध्ये २ लाख २० हजार. आणि गवे तोवर जवळजवळ संपलेले. हे दोन आकडे शीटच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा, बोलताना विसरायला होतं.

मुलींच्या अपहरणाचा प्रसंग, जुलै १७७६, पंचवीस मिनिटंवाल्यांनी सरळ गाळा. चाळीसवाल्यांनी तीन मिनिटं द्या: बूनची तेरा वर्षांची जेमायमा आणि बून्सबरोतल्याच कॅलवे या अधिकाऱ्याच्या दोघी मुली होडीत बसल्या होत्या, पाच जणांच्या टोळीने पकडून नेल्या, आणि त्या पोरींनी वाटेत फांद्या मोडल्या, टाचा रुतवल्या, खुणा ठेवल्या, तिसऱ्या दिवशी बूनने गाठून सोडवल्या. सांगताना शाबासकी बूनला द्याच पण आधी पोरींना द्या, कारण माग काढायला माग लागतो आणि तो त्यांनी सोडला.

आता मीठ. निवांत बसून सांगायचं ते हेच, बारा पंधरा मिनिटं द्या, आणि टेबलावरची वाटी आत्ता उचला.

विचारा आधी, की बाई, फ्रिज नाही, हिवाळा आहे, शिकार करून आणलेलं मांस वसंतापर्यंत टिकवायचंय, काय कराल? आज्या लगेच सांगतील. समुद्र शेकडो मैल लांब, इंग्रजांशी स्वातंत्र्याची लढाई चालू, मीठ येणार कुठून? तर ब्लू लिक्स नावाच्या जागी खारट पाण्याचे झरे होते, ते पाणी मोठ्या कढयांत आटवायचं, आणि पाणी इतकं पचपचीत की शेकडो गॅलन आटवल्यावर एक बुशेल (धान्य मोजायचं तिकडचं माप) मीठ, रात्रंदिवस लाकडं फोडायची आणि जाळ घालायचा. १७७८ च्या जानेवारीत बून्सबरोतून तीस माणसं या कामाला गेली, बून त्यांचा पुढारी, आणि तो त्यांच्यासाठी शिकार आणि टेहळणी करायचा. म्हणजे किल्ल्यातले निम्मे पुरुष मिठाला गेलेले, आणि किल्ल्याची एक बाजू अजून नीट बांधून झालेली नव्हती. ही शेवटची ओळ ठळकपणे सांगा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

७ फेब्रुवारीला बर्फ पडत असताना मांस लादलेला घोडा घेऊन येणारा बून शॉनींच्या हाती सापडला. पुढारी ब्लॅकफिश, बरोबर सव्वाशेच्या आसपास योद्धे, आणि ते हिवाळ्यात का निघाले होते, तर कॉर्नस्टॉक नावाचा त्यांचा मोठा सरदार सलोख्याचं बोलायला आलेला असताना आधीच्या नोव्हेंबरात अमेरिकनांच्या किल्ल्यात मारला गेला होता. सूड घ्यायला ते बून्सबरोवरच चालले होते. बूनने हिशेब केला. किल्ल्यात बायका मुलं, भिंत अर्धवट, निम्मी माणसं मिठावर. त्याने ब्लॅकफिशला सांगितलं की आत्ता थंडीत बायका मुलं वाटेत मरतील, तू वसंतात ये, मी सगळ्यांना तुझ्याकडे आणतो, आणि आत्तापुरते माझे मीठवाले बिनलढाईचे देतो, फक्त त्यांना मारू नका. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या माणसांना शस्त्रं ठेवायला लावली. मग शॉनींची सभा बसली, मारायचं की ठेवायचं, पाँपी नावाचा एक काळा दुभाषा बूनला कानात सांगत होता काय चाललंय ते, आणि मत पडलं, ५९ मारा म्हणणारे, ६१ ठेवा म्हणणारे, असं त्या वेळच्या एका कैद्याच्या आठवणीत आलंय. दोन मतांनी वाचले. हे सांगताना आवाज चढवू नका, साधं सांगा, हॉल आपोआप गप्प होतो.

पुढे बूनला ब्लॅकफिशने दत्तक घेतलं. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या जागी कैद्याला घरात घ्यायची रीत होती, डोक्याचे केस उपटून मधे एक शेंडी ठेवायची, नदीत घासून धुवायचं, नाव द्यायचं, बूनला नाव दिलं शेल्टोवी, म्हणजे मोठं कासव. दत्तक म्हणजे काय हे होळकरांच्या गावात कोणाला समजवावं लागत नाही. डेट्रॉइटला इंग्रज गव्हर्नर हॅमिल्टनने बूनसाठी शंभर पौंड देऊ केले, ब्लॅकफिशने नाही म्हटलं. चार महिने हा तिथे राहिला, शिकार केली, हसला खेळला, आणि जूनमध्ये बून्सबरोवर जायची तयारी दिसली तशी १६ तारखेला सटकला. घोडा दमून पडला मग पायी, १६० मैल, म्हणजे इथून भोपाळ ओलांडून विदिशापर्यंत गेल्यासारखं, २० जूनला पोचला. आणि घरी कोणीच नाही, रिबेका तो मेला समजून पोरांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला परत गेलेली, एकटी जेमायमा थांबलेली.

सप्टेंबरमध्ये ब्लॅकफिश चारशेच्या वर माणसं घेऊन आला, बरोबर थोडे फ्रेंच कॅनेडियन. किल्ल्यात बंदूक चालवणारे साठच्या आतच. सांगतात की ब्लॅकफिशने आधी विचारलं तू पळालास का, आणि हा म्हणाला बायकापोरांना बघावंसं वाटलं, तर तो म्हणाला मला सांगितलं असतंस तर मीच सोडलं असतं. हे बाप लेकाचं बोलणं आहे, त्याच सुरात म्हणा. बोलणी झाली, बिघडली, वेढा ७ ते १८ सप्टेंबर, शॉनींनी नदीकाठून भुयार खणायला घेतलं, पाऊस लागला आणि भुयार ढासळलं, वेढा उठला. त्या वेढ्यात पाँपीही मेला.

आणि वेढा उठल्या उठल्या काय, तर आपल्याच लोकांनी बूनवर कोर्ट मार्शल भरलं. कॅलवे आणि लोगन हे दोन अधिकारी, आरोप असा की याने मीठवाले शत्रूच्या स्वाधीन केले, इंग्रजांशी संधान बांधलं. कॅलवेंचा राग समजण्यासारखा आहे, मीठवाल्यांत त्यांचे पुतणे होते. इथे माझी सगळ्यात आवडती युक्ती, निकाल सांगू नका. हॉललाच कोर्ट करा. डावी बाजू फिर्यादी, उजवी बाजू बून, तीन तीन मिनिटं बोला. प्रश्न खरा अवघड आहे, त्या माणसांना विचारलं होतं का त्याने? काही जण वर्षानुवर्षं परत आले नाहीत, त्यांच्या बायकांनी काय म्हणायचं? आणि शरण गेला नसता तर किल्ला राहिला असता का? आपले लोक वाद घालण्यात कमी नाहीत, आमच्याकडे तर एकदा दोन सख्ख्या जावा आमनेसामने आल्या होत्या. सगळं बोलून झालं की मग सांगा, कोर्टाने निर्दोष सोडलं, वर मेजर केलं, आणि बून त्या प्रकरणावर पुढे फारसं बोललाच नाही. त्या गावातही तो फार टिकला नाही.

कागदांचा भाग कंटाळवाणा होईल अशी भीती वाटते पण इंदूरमध्ये उलट होतं, प्लॉटचा विषय निघाला की झोपलेले जागे होतात. १७७९ मध्ये व्हर्जिनियाने जमिनीचा कायदा केला, केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडायचं. आधी वॉरंट (हे अटकेचं नव्हे, जमीन घेण्याच्या हक्काचा कागद) विकत घ्यायचं, मग सर्व्हेयरकडे नोंद, मग मोजणी, मग सरकारी पट्टा. सरकारने आधी मोजलेलं काहीच नाही, जो तो आपापला मोजून आणतो, हद्द म्हणजे या पांढऱ्या ओकपासून त्या ओढ्यापर्यंत. एकाच जमिनीवर चार चार दावे बसले. आपल्या लोकांना एका वाक्यात समजतं, की रजिस्ट्री केली पण नामांतरणच केलं नाही, आणि पटवाऱ्याच्या खसऱ्यात दुसऱ्याचंच नाव. बून स्वतः सर्व्हेयर होता, शेकडो जणांच्या मोजण्या केल्या, स्वतःच्या नावावर हजारो एकर नोंदवले, पण मोजण्या ढिल्या, नोंदी अपुऱ्या, पुढचा टप्पा राहून गेलेला. वर १७८० मध्ये शेजाऱ्यांचे वॉरंटांचे पैसे, साधारण वीस हजार डॉलर, घेऊन पूर्वेला जाताना खानावळीत रात्री झोपेत चोरीला गेले, काहींनी माफ केलं, काहींचे तो वर्षानुवर्षं फेडत राहिला. दावे हरला की ज्यांना जमीन विकली ते याच्यावर दावा करायचे. हेंडरसनच्या कंपनीचं खरेदीखत व्हर्जिनियाने १७७८ मध्येच रद्द केलं होतं, कंपनीला भरपाई म्हणून दोन लाख एकर मिळाले, बूनला नाही. आता १७९८ वर परत या आणि अटकेच्या वॉरंटचं कोडं सोडवा, तो साक्षीला गेला नाही कारण कोर्टांना पार विटला होता.

मिझुरी चार मिनिटांत. १७९९ मध्ये पासष्टीला टेकलेला माणूस देश सोडून स्पेनच्या राज्यात गेला, तिथे त्यांनी त्याला मान दिला, फेम ओसाज भागाचा सिंडिक केला, म्हणजे न्यायाधीश, पोलीस पाटील सगळं एकच, आणि हजार आर्पां जमीन दिली, आर्पां म्हणजे एकरापेक्षा थोडं कमी. १८०३ मध्ये तो मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि कागद तपासणारे आले. पुन्हा कागद अपुरे! जमीन गेली. शेवटी १८१४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, परत दिली आणि त्यातली बरीच विकून त्याने केंटकीची देणी फेडली. इथे लोक हसतात, हसू द्या, पण पाठोपाठ सांगा की रिबेका त्याआधीच, १८१३ मध्ये गेली होती. तो स्वतः २६ सप्टेंबर १८२० ला, धाकटा मुलगा नेथन याच्या दगडी घरात.

आता दोन तीन सावधगिरीच्या गोष्टी. टोपी: बूनच्या डोक्यावर शेपटीवाली केसाळ टोपी दाखवतात ती टीव्ही आणि रंगमंचाची, तो रुंद कडेची फेल्टची हॅट घालायचा, तेव्हा मुलाला उभं करून काही सजवायचं असेल तर साधी हॅट द्या. चित्र दाखवायचं तर १८२० मध्ये चेस्टर हार्डिंगने काढलेलं दाखवा, प्रत्यक्ष समोर बसवून काढलेलं तेवढं एकच आहे, त्यात थकलेला म्हातारा दिसतो, आणि पोरांना तेच जास्त आवडतं. भाषा: १७८४ मध्ये जॉन फिल्सनने केंटकीवर पुस्तक छापलं त्यात बून "मी" म्हणून बोलतो, पण ते फुलोरे फिल्सनचे आहेत, ज्याचं स्पेलिंग वाकडं तो तसं बोलणार नाही, म्हणून ती वाक्यं त्याच्या तोंडी घालू नका. माहिती घ्यायची तर लायमन ड्रेपर नावाच्या गृहस्थाने १८५१ मध्ये नेथन आणि त्याची बायको ऑलिव्ह यांना बसवून घेतलेल्या आठवणी धराव्यात, त्यात घरातलं बोलणं आहे. एकपात्री करणार असाल तर मराठी साधी, थोडी गावाकडची ठेवा. आणि कृपा करून त्याला कुठल्याही आपल्या वीराची उपमा देऊ नका, टाळ्या मिळतील पण गोष्ट मरेल.

प्रश्न कोणते येतात ते सांगून ठेवते. किती इंडियन मारले, हा पहिला, पोरांचा. उत्तर द्या की म्हातारपणी तो फार थोडे म्हणायचा आणि त्याचा अभिमान सांगायचा नाही, आणि त्याने स्वतः दोन मुलगे गमावले, जेम्स आणि १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्याच लढाईत इस्रायल, त्याच खाऱ्या झऱ्यांच्या जागी. शॉनींचं पुढे काय झालं, हा दुसरा, आणि हा आला की समजा लोकांनी नीट ऐकलंय. त्यांना ओहायोतून हटवत हटवत पश्चिमेला नेलं, आज त्यांचे सरकारमान्य तिन्ही समूह ओक्लाहोमात आहेत. तिसरा हमखास प्रश्न समाधीचा, १८४५ मध्ये बून आणि रिबेकाच्या अस्थी मिझुरीतून काढून केंटकीत फ्रँकफर्टला नेल्या, मिझुरीवाले म्हणतात चुकीचं थडगं उकरलं, खरा बून इथेच आहे, आणि भांडण मिटलेलं नाही.

वेळ मागताना आरतीच्या आधीची मागा. आरतीनंतरची घेतलीत तर मिठापर्यंत पोचायच्या आत अर्धा हॉल पोह्यांच्या लायनीत असतो, आणि माइकवाल्याला सांगून ठेवा की कोर्ट मार्शलच्या वेळी दुसरा माइक लागेल, नाहीतर उजव्या बाजूच्या काकू उठून स्टेजवर येतात.